केसरकाकी नको म्हणाली

सदाकाकांना कुणाला काही विचारायची सवय नव्हती. तांडेल माणूस. होडीवर तांडेल सांगतो आणि बाकीचे करतात. तिथे विचारत बसलं तर जाळं पाण्यात आणि माणसंही पाण्यात. पुढे मच्छीमारी सोडून ते आगरदांडा ते दिघी लाँचवर सुकाणू धरायला लागले, तिथेही तोच खाक्या. उतारूंना ते "बसून घ्या" म्हणायचे नाहीत, "बस खाली" म्हणायचे. मामलेदार असो नाहीतर नवरा-नवरी. कुणी मनावर घ्यायचं नाही, कारण खाडीच्या मध्यावर वारा फिरला की त्याच आवाजाचा आधार वाटायचा.

मी जागृती, त्यांची शेजारीण. आमची आणि त्यांची पडवी एकच, मधे नुसती कमरेएवढी भिंत. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, पण त्या घरात अजून मला कुणी बाई म्हणत नाही. लहानपणी माझी आई आजारी असायची, तेव्हा केसरकाकीच्या हाताखाली मी वाढले. सुट्टीत ती मला श्रीवर्धनला घेऊन जायची. डोक्यावर सुकटीची पाटी, काखेत बोंबलांचं गाठोडं. आगरदांड्याला लाँच, पलीकडे दिघीला उतरून एसटी. लाँचवर सुकाणूला काका असले तर काकी त्यांच्याकडे बघायची नाही आणि तेही बघायचे नाहीत, पण लाँच धक्क्याला लागली की तिची पाटी आधी उतरायची.

श्रीवर्धनच्या सुपारीच्या वाड्यांमधून आम्ही दारोदार हिंडायचो. दुपारीसुद्धा त्या वाड्यांत संध्याकाळ झाल्यासारखं वाटायचं. पाटाचं पाणी वाहत असायचं, त्यात काकी पाय बुडवून बसायची आणि गायची. आमच्याकडे लग्नात धवले म्हणतात. हळद लावताना, नवऱ्या मुलीला न्हाऊ घालताना, प्रत्येक विधीला वेगळा धवला. काकीला धवले तोंडपाठ आणि आवाज असा की लांबच्या कोळीवाड्यांतूनही तिला बोलावणं यायचं. माझ्या लग्नात तीच होती. मी रडायला लागले तेव्हा गाता गाताच तिने माझ्या पाठीत एक धपाटा घातला होता.

तिचं स्वतःचं लग्न कसं ठरलं, ते ती हसत सांगायची. "दोघांचे बापूस जालं विनत बसले होते. तिथंच ठरलं. मना कुनी विचारलंच न्हाय. आये आली न् बोलली, हातातली मच्छी ठेव, आंघोल कर, तुझं लगीन हाय." काका जवळ असले की म्हणायचे, "मना तरी कुनी विचारलं?"

लाँचच्या जोडीला गाड्या नेणारी मोठी जंगल बोट आली, काकांचं वयही झालं, आणि ते घरी बसले. त्यानंतर थोड्याच वर्षांत काकी विसरायला लागली. आधी मीठ दोनदा पडायचं. मग माणसांची नावं उलटीपालटी झाली. एकदा सकाळी ती रिकामी पाटी घेऊन जेट्टीवर गेली आणि श्रीवर्धनला जायला उशीर होतोय म्हणून तिकीटवाल्या मुलाशी भांडली. काका मागोमाग गेले, मनगट धरून तिला घेऊन आले. अलिबागच्या डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की हा विसरण्याचा आजार आहे, गोळ्यांनी जरा हळू होईल, मागे फिरणार नाही. मुलगा धनेश न्हावा शेव्याला कंटेनर यार्डात कामाला, राहायला उरणला. तो आई-वडिलांना तिकडे न्यायला तयार होता. काका म्हणाले, "समुद्र दिसला न्हाय तर ती अजून हरवल."

मग सगळं काकांवरच आलं. जेवण, आंघोळ, वेणी. भिंतीपलीकडून मला रोज ऐकू यायचं. "ऊठ." "हात वर कर." "तोंड उघड." आणि काकीचं हुंकारणं, कधी भांडं आपटल्याचा आवाज. काका वाईट नव्हते. त्यांना दुसरी भाषा येत नव्हती.

अशात रश्मी आली. मुंबईच्या एका विद्यापीठात मानसशास्त्राची पीएचडी करणारी मुलगी. मूळची इकडचीच, म्हसळ्याजवळच्या गावची. तिचे वडील रत्नपाल मास्तर मला शिक्षकांच्या शिबिरांमुळे माहीत होते. विसरण्याचा आजार झालेल्या माणसांना जुन्या वस्तू दाखवल्या, जुने आवाज ऐकवले, त्या काळाबद्दल बोलतं केलं, तर त्यांच्या जिवाला बरं वाटतं का, असा तिचा अभ्यास. अलिबागच्या डॉक्टरांनी काकांना आधी विचारलं आणि त्यांनी हो म्हटल्यावर रश्मीला पत्ता दिला.

काकांनी पहिल्या दिवशी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कर सुरू."

"सुरू करायच्या आधी आजींना विचारायचंय," रश्मी म्हणाली.

"मी सांगतो ना. नवरा हाय तिचा."

"तुमची परवानगी लागतेच, आजोबा. पण त्यांचीही लागते. आणि त्यांना विचारताना घरातलं नसलेलं आणि माझ्या कामातलंही नसलेलं एक माणूस साक्षीला पाहिजे."

काकांनी भिंतीवरून मला हाक मारली. अशी मी साक्षीदार झाले.

काकी पडवीत पाय पसरून बसली होती. रश्मी तिच्यासमोर खालीच बसली. काकीच्या डोळ्यांसमोर येईल असं तोंड करून, सावकाश बोलली. "केसरआजी, माझं नाव रश्मी. मी जुन्या आठवणींचा अभ्यास करते. तुमच्याशी बोलायला आलेय. तुम्ही बोलाल ते या छोट्या यंत्रात राहील, ते फक्त मी आणि माझ्या बाई ऐकणार. तुमचं नाव मी कुठे लिहिणार नाही. कंटाळा आला तर सांगा, लगेच बंद करीन. नाही बोललात तरी काही बिघडत नाही, तुमची औषधं तशीच चालू राहतील. बोलायचं का आपण?"

काकीने तिला खालपासून वरपर्यंत बघितलं. "कुनाची गो तू?"

"रत्नपाल मास्तरांची."

"जेवलीस?"

"जेवून आले."

"मग बोल," काकी म्हणाली.

काकांना हा सगळा पोरखेळ वाटला. पुढच्या वेळी रश्मी आली आणि पुन्हा तिथूनच सुरुवात केली, माझं नाव रश्मी, मी अभ्यास करते, तेव्हा त्यांना हसू आवरेना. "अगो, मागल्या रविवारी व्हय बोलली ना ती? रोज रोज काय इचारतेस?"

"त्यांना मागचा रविवार आठवत नाही ना, आजोबा. म्हणजे आज त्या पहिल्यांदाच मला भेटतायत. मग आजच विचारायला हवं."

काका माझ्याकडे बघून डोळे मिचकावायचे. शिकलेल्या पोरींना काम कमी असतं, असं त्यांचं मत पडलं.

पण ते दिवस फार चांगले गेले. रश्मीच्या पिशवीतून कधी जाळ्याचा तुकडा निघायचा, कधी सालासकट सुपारी, कधी पितळेचा डबा. सुपारी हातात घेऊन काकीने ती नाकाशी नेली आणि श्रीवर्धनला पोचली. कुठल्या वाडीत कुत्रा चावायचा, कुठली आजी सुकटीच्या बदल्यात नारळ द्यायची आणि वर दोन केळी द्यायची, एसटीचा कंडक्टर वासाची पाटी म्हणून तिला मागच्या बाकावर बसवायचा आणि ती मुद्दाम पाटी उघडी टाकायची. हे सांगताना तिचा चेहरा उजळायचा. जी बाई सकाळी मला "तू कोन?" विचारायची ती दुपारी चाळीस वर्षांपूर्वीच्या लाँचवर बसून पदर सावरायची. एकदा ती गायला लागली. मधले शब्द गेले होते, पण चाल कुठेही तुटली नाही. मी आत स्वयंपाक करत होते, तवा उतरवून बाहेर येऊन उभी राहिले.

रश्मी बोलत असायची तेव्हा काकांनी बाहेर थांबायचं, असं ठरलं होतं. ते जेट्टीकडे एक फेरी मारून यायचे आणि ती निघाली की विचारायचे, "काय बोलली आज?"

"ते मला सांगता येत नाही, आजोबा. त्यांनी मला सांगितलंय."

"मी परका हाय व्हय?"

"तुम्ही त्यांनाच विचारा ना."

 काकीला काही विचारायचं म्हणजे कसं, हे काकांना कळत नसावं. पण मला दिसत होतं की रविवारची ते वाट बघायला लागले होते. सकाळी उठून काकीची वेणी घालून ठेवायचे. एकदा गजरा आणला. रश्मीला त्यांनी सांगून टाकलं, "तुझ्या औषधानं फरक पडतोय."

"हे औषध नाही, आजोबा," ती म्हणाली. "मी पहिल्या दिवशीही सांगितलं होतं. याने आजार बरा होणार नाही. फरक पडतो की नाही तेच मला बघायचंय, आणि नाही पडला तरी मला तसंच लिहावं लागेल."

काकांनी मान डोलावली. त्यांच्या कानावर गेलं, आत गेलं नाही.

मग ती दुपार आली. शिमगा होऊन गेला होता, पडवीत ऊन तापलं होतं. रश्मीने नेहमीसारखं विचारलं, काकी हो म्हणाली. रश्मीने हिरव्या काचेच्या बांगड्या काढल्या. काकीने त्या मनगटात न चढवता नुसत्या मांडीवर ठेवल्या आणि तिला धवला सुचला. नवरी मुलीला न्हाऊ घालतानाचा. पहिल्या ओळी इतक्या सुरेख आल्या की जेट्टीकडून परत येणारे काका दारातच थांबले. आणि मधेच काकी थांबली. तिचा चेहरा एकदम लहान झाला. ती म्हणाली, "नको."

रश्मीने यंत्राकडे हात नेला.

"नको. बंद कर."

यंत्र बंद झालं. बांगड्या पिशवीत गेल्या. एवढ्यात काका आत आले. "अगो, आता कुठं रंगात आली! केसर, गा गो. थोडकंच गा."

काकी भिंतीकडे सरकली.

"आजोबा, आज पुरे. त्या नको म्हणाल्या."

"तिच्या नकोला काय अर्थ हाय? पाच मिनिटांनी तिला आठवनार पन न्हाय ती नको बोलली ते. पानी पाज, परत विचार. व्हय बोलंल."

ते बरोबरच बोलत होते. आम्हा तिघांनाही माहीत होतं की पाच मिनिटांनी काकी हो म्हणाली असती. रश्मीचाही जीव त्या धवल्यात अडकला होता, तिच्या तोंडावर ते दिसत होतं. तिला अभ्यासासाठी माणसं मोजकीच मिळाली होती आणि त्यात काकीसारखं बोलणारं कुणी नव्हतं, हे तिनेच मला मागे सांगितलं होतं.

"त्यांना आठवणार नाही, आजोबा," ती म्हणाली. "मला आठवेल."

काकांचा आवाज चढला. लाँचवरचा आवाज. "म्हंजे? तुमी यायचं, तिला जागं करायचं, न् आता अर्ध्यावर टाकून जायचं? आठवड्यात एक दिवस ती माझी बायको असते, तो पन घेऊन चालली तू?"

रश्मीच्या डोळ्यांत पाणी आलं, पण ती उठली नाही. काकीचा श्वास शांत होईपर्यंत तिच्याजवळ बसून राहिली. मग तिने यंत्र काढून त्या दिवसाचं बोलणं आमच्या समोर पुसलं. जाताना काकांना म्हणाली, "मी पुढच्या रविवारी येईन. बोलायला नाही, कशा आहेत ते बघायला. माझ्यामुळे त्यांना त्रास झाला असेल तर ते बघणं माझं काम आहे."



त्या धवल्यात काकीला काय दिसलं, ते आम्हाला कधीच कळलं नाही. स्वतःचं लग्न असेल. काकीची बहीण आवडा बाळंतपणात गेली होती, ती असेल. काकांनी मला रात्री भिंतीवरून विचारलं, "जागृती, तुला काय वाटतं?" मी म्हटलं, मला माहीत नाही. 

पुढच्या रविवारी रश्मी आली. काकी बरी होती. रश्मीने तिला विचारलं, यापुढे आठवणी सांगायच्या का? काकी म्हणाली, नको. आधी जे सांगितलंत ते माझ्याकडे ठेवू की पुसून टाकू? पुस, काकी म्हणाली. रश्मीने घाई केली नाही. थोड्या दिवसांनी पुन्हा सकाळच्या वेळी आली, काकी ताजीतवानी असताना तेच पुन्हा विचारलं. उत्तर तेच आलं. पुस.

आता मात्र काका हबकले. त्या यंत्रात काकीचा आवाज होता. श्रीवर्धनच्या वाड्या होत्या, कंडक्टर होता, धवले होते. "तुझ्या अभ्यासाला नको तर नको," ते म्हणाले. या वेळी ते ओरडले नाहीत. "माझ्या मोबाईलमधी टाक. ती गेल्यावर मना काय ऱ्हाईल?"

रश्मी म्हणाली, "मला द्यायला आवडलं असतं, आजोबा. पण ते माझं नाही. तुम्ही त्यांना विचारा. त्या हो म्हणाल्या तर आत्ता देते."

काका काकीसमोर जाऊन बसले. खाली, जमिनीवर, जसं रश्मी बसायची तसं. त्यांना बसायला वेळ लागला, गुडघे वाजले.  शेवटी म्हणाले, "केसर, तुझं गानं मोबाईलमधी ठेवू काय? मना ऐकाया?"

त्यांच्या एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यांना काकीला काही विचारताना ऐकलं ते तेव्हा पहिल्यांदाच.

काकीने त्यांच्याकडे बघितलं. ओळखीने बघितलं की नुसतंच, सांगता येणार नाही. "मोबाईलमधी कशाला?" ती म्हणाली. "मी हाय ना हितं."

रश्मीने सगळं पुसलं. काकांनी ते पाहिलं आणि समुद्राकडे निघून गेले. पुढे कित्येक दिवस ते रश्मीचं नाव काढायचे नाहीत. तिचा फोन यायचा काकीची चौकशी करायला, तो मी घ्यायचे.

बदल कधी झाला ते मी दिवस धरून सांगू शकणार नाही. एवढंच आठवतं की एका सकाळी आंघोळीवरून नेहमीची झटापट चालली होती. काकीने तांब्या फेकला, तो भिंतीवर आदळला. मग एकदम शांतता. मी घाबरून डोकावले. काका मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते, काकी कोपऱ्यात अंग चोरून उभी होती. तिच्या दंडावर त्यांच्या बोटांचे वळ होते आणि काका त्या वळांकडे बघत होते.

"केसर," ते म्हणाले, "पानी घालू काय?"

"नको."

"बरं."

ते उठले, चहा टाकला, दोघांनी प्यायला. पाणी निवून गेलं. मी शाळेत निघाले तेव्हा दोघं पडवीत बसली होती, काकी पारोशीच. संध्याकाळी परत आले तर तिचे केस ओले होते. काका म्हणाले, "दुपारी स्वताच बोलली, अंग चिकट झालं."

त्यानंतर भिंतीपलीकडचं बोलणं हळूहळू बदललं. "वेनी घालू काय?" "भात घेतेस काय अजून?" "दार लावू?" काकी निम्म्या वेळा नको म्हणायची. घरातली कामं लांबायला लागली, जेवायला तीन वाजायचे. काका कधी कधी वैतागायचे, जुना आवाज परत निघायचा, आणि मग ते पडवीत येऊन एक विडी ओढून पुन्हा आत जायचे आणि विचारायचे. एकदा मला म्हणाले, "लगीन झालं तवा हिला विचाराया पायजे होतं. आता मना वेळ हाय, तर हिला काय आठवत न्हाय."

मी म्हटलं, "नको म्हणायचं तरी आठवतंय ना."

"ते लई आठवतंय," काका म्हणाले आणि हसले.

पावसाळा झाला, दिवाळी झाली. रश्मीचा अभ्यास पुरा झाला. आमच्याकडे आजवर पुष्कळ लोक कागद घेऊन आले, प्रश्न विचारून गेले, परत कुणी आलं नाही. ही आली. समाजमंदिरात तिने सगळ्यांना बोलावलं आणि साध्या भाषेत सांगितलं: बऱ्याच जणांना जुन्या गोष्टींनी बरं वाटलं, पण सगळ्यांना नाही, काहींना त्रासही झाला, म्हणून असं काही करताना माणसाच्या तोंडाकडे बघत राहावं लागतं. आजार कुणाचाच थांबला नाही. कुणाचं नाव तिने घेतलं नाही.

सगळे पांगले तरी काका खुर्चीवर बसून होते. मी जवळच होते.

"त्यात आमच्या केसरचं कायच न्हाय?" त्यांनी विचारलं.

"त्या नको म्हणाल्या ना, आजोबा. त्यांचं बोलणं मी घेतलं नाही. पण किती जण मधेच थांबले ते लिहावं लागतं. त्या आकड्यात त्या आहेत."

काकांनी खुर्ची पुढे ओढली. "मोठमोठी मानसं वाचनार ते?"

"मोठी म्हणजे... माझ्या बाई वाचतील. आणखी थोडे."

"वाचू देत," काका म्हणाले. मग खुर्चीवरून उठत, "च्या घेतेस? घरी चल. ती जागी असंल."

घरी काकीने रश्मीला विचारलं, "कुनाची गो तू?" आणि रश्मीने सांगितलं. त्या दोघी अर्धा तास हातात हात घेऊन बसल्या. यंत्र नव्हतं, पिशवी नव्हती. पुढचे कितीतरी दिवस काका जेट्टीवर लोकांना सांगत होते की मुंबईला एक पुस्तक झालंय, त्यात केसर हाय, पन नाव न्हाय.

यंदा धनेशच्या मुलीचं, प्राचीचं लग्न निघालं. लग्न गावातच करायचं, असा तिचा हट्ट होता, आजीसाठी. हळदीच्या दिवशी मांडवात सगळा कोळीवाडा लोटला. काका काकीला नवं हिरवं लुगडं नेसवून घेऊन आले. म्हाताऱ्या बायकांनी तिला लगेच घेरलं. त्यांच्यातल्या कितीजणींच्या लग्नात काकी गायली होती. "केसर, धवला म्हन. नातीचं लगीन हाय." कुणीतरी तिच्या हातात हळदीची वाटी दिली. कुणीतरी मोबाईल तिच्या तोंडासमोर धरला.

काकीने पदराचं टोक मुठीत धरलं. तिची नजर माणसांवरून भिरभिरायला लागली.

काका तिच्यापाशी वाकले. "केसर, गातेस? बसायचंय हितं?"

"नको. घरी."

काकांनी वाटी तिच्या हातातून काढून मला दिली. धनेश पुढे आला. "बाबा, न्हेताय कुठं? हळद हाय पोरीची."

"ती नको बोलते."

"तिला काय समजतंय? नुसती बसू दे. एक फोटो तरी येईल सगळ्यांचा. प्राची कधीची वाट बघत्येय."

"तिला बाकी काय समजतंय मना म्हायती न्हाय," काका म्हणाले. "नको समजतंय."

"मग तुमी तरी थांबा."

काकांनी मांडवाकडे बघितलं. एकुलत्या एका मुलाची पहिली मुलगी. तिच्या जन्माच्या वेळी त्यांनी लाँचवर सगळ्यांना पेढे वाटले होते, उतरलेल्यांनासुद्धा परत बोलावून. थांबावंसं त्यांना वाटलं नसेल, असं मी म्हणणार नाही. पण काकीने त्यांची बाही धरली होती. दोघं मांडवातून निघाली. बायका कुजबुजल्या, धनेश तोंड फिरवून जेवणाच्या पंगतीकडे गेला. धवले दुसऱ्या एकीने म्हटले. ते ठीक झाले.

सकाळी मी पडवी झाडत होते तर प्राची एकटीच चालत आली. अंगावर कालचीच पिवळी साडी, गालाला कानाला हळद, पायांत घरच्या चपला. दुपारी लग्न लागायचं होतं. मला वाटलं, भांडायला आली.

काका दारात उभे राहिले. "पोरी, काल..."

"असू दे, आजोबा." तिने आत बघितलं. काकी चटईवर बसली होती, समोरच्या सुपातल्या सुक्या जवळ्यात तिची बोटं उगाच फिरत होती. "आजी, बसू तुझ्याजवळ?"

काकीने मान वर केली. हळदीच्या तोंडाकडे बघत राहिली. मग सुपावरचा हात उचलून तिने चटईवर थाप मारली. "ये गो आवडे. कवापासनं वाट बघते मी."

प्राचीने माझ्याकडे बघितलं. आवडा कोण, तिला माहीत नव्हतं. मी हळूच सांगितलं, आजीची बहीण. तिने मान हलवली आणि जाऊन बसली. खोटं काही बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. काकी सांगत होती: भरतीच्या आधी खाडी ओलांडायची, आये ओरडेल, पण पलीकडच्या खडकात कालवं लागलीत ही मोठी मोठी, आणि येताना केवड्याच्या बनातून यायचं. सगळं एका दमात. मधे मधे हसत.

बाहेर गल्लीच्या तोंडाशी नवरीला मेकअपला न्यायला गाडी येऊन थांबली होती आणि ड्रायव्हर हॉर्न देत होता. काका बाहेर गेले, गाडीच्या खिडकीशी वाकले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. हॉर्न थांबला. ते परत आले, पडवीच्या पायरीवर बसले आणि आतल्या दोघींकडे पाठ करून त्यांनी विडी शिलगावली.